लेक्चर पाहून झालं, कागद कोराच राहिला

नाशिकच्या पाथर्डी फाट्याहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. त्या लिहितात:

"माझं वय ४१. बारावी झाली आणि लगेच लग्न झालं. यंदा मुक्त विद्यापीठात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला नाव घातलं. सकाळी डबे करता करता टीव्हीवर शिक्षणाचं चॅनल लावते, दुपारी मोबाइलवर यूट्यूबची लेक्चरं पाहते. पंचायत राज या घटकावरची तीन लेक्चरं पूर्ण पाहिली. पाहताना सगळं कळत होतं. गृहपाठ लिहायला बसले, तर चार ओळींपुढे पेन सरकेना. मुलगा म्हणतो, पुस्तकं कशाला, सगळं व्हिडिओत आहे. मिस्टर म्हणतात, टीव्ही बघून कुणी पदवीधर झालंय का? सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत, शाळेत कधी गेल्याच नाहीत. त्या माझ्याशेजारी बसून सगळं पाहतात. परवा म्हणाल्या, मलाही वाचायला शिकव. टीव्हीवरून खरंच शिकता येतं का, की माझंच डोकं आता चालत नाही?"

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकी सगळं त्याच्याखाली दबलंय. तुमचं डोकं उत्तम चालतंय. तीन लेक्चरं पाहून कागद कोरा राहतो, हे विशीतल्या मुलांचंही होतं. पाहताना कळत होतं हेही खरंच आहे. पण तिथली वाक्यं सरांची होती. मुद्द्याला मुद्दा ते जोडत होते, उदाहरणं ते देत होते. तुमच्याकडे फक्त मान डोलवायचं काम होतं. गृहपाठात हे सगळं पहिल्यांदा तुमच्यावर आलं.

गॅव्हरिएल सॉलोमन नावाच्या अभ्यासकाने १९८४ साली अमेरिकेतल्या सहावीच्या मुलांवर एक प्रयोग केला होता. एकच गोष्ट काही मुलांना पडद्यावर दाखवली, काहींना छापील वाचायला दिली. मुलांच्या मनात पक्कं बसलेलं होतं की टीव्ही सोपा आणि पुस्तक अवघड. त्यामुळे टीव्हीसमोर त्यांनी डोक्याला फारसा ताण दिला नाही. मग गोष्टीतून अर्थ काढायचे प्रश्न विचारले, तेव्हा वाचणारी मुलं पुढे गेली. दोष पडद्याचा नव्हता. पडद्यासमोर आपण सैल बसतो, ही सवय आडवी येते. तुम्ही तर बसतही नाही. एक हात कुकरवर, डोळा पोळीवर आणि कान टीव्हीकडे.

मला हे पुस्तकातून कळलं नाही. नव्वदच्या दशकात मी मुक्त विद्यापीठाच्या एका अभ्यासकेंद्रावर रविवारी समंत्रक, म्हणजे मार्गदर्शक शिक्षक, म्हणून जायचे. विषय अर्थशास्त्र. मागणी आणि पुरवठा या घटकाची व्हिडिओ कॅसेट आली होती. खोलीत काळे पडदे लावले, टीव्ही टेबलावर ठेवला, कॅसेट घातली आणि मी मागच्या बाकावर जाऊन बसले. आज शिकवायचं काम टीव्हीचं, असं मी धरून चालले होते. ती माझी चूक होती. पहिली दहा मिनिटं छान गेली. मग पाहिलं तर निम्मे विद्यार्थी पेंगत होते. बिचारे आठवडाभर रात्रपाळी करून आलेले.

तेवढ्यात लाइट गेली. कॅसेट अर्ध्यात अडकली. खिडकीचा पडदा सारला आणि विचारलं, आतापर्यंत काय पाहिलं? कुणी बोलेना. मग लासलगावच्या मार्केटात कांद्याचं काम करणारा एक विद्यार्थी वही घेऊन खिडकीशी आला. म्हणाला, "मॅडम, ते गव्हाचं सांगत होते. तिथे कांदा ठेवला तर गणित बदलतं. भाव पडला म्हणून काढलेला कांदा परत जमिनीत घालता येतो का?" त्याने वहीत दोन रेघा मारल्या. एक मार्चनंतर निघणाऱ्या उन्हाळ कांद्याची, जो कांदाचाळीत साठवून ठेवता येतो. दुसरी लाल कांद्याची, जो टिकत नाही म्हणून आला की विकावाच लागतो. पुरवठा लवचीक, म्हणजे भावाप्रमाणे कमी-जास्त करता येण्यासारखा, कधी असतो आणि कधी नसतो, हे त्या दोन रेघांवरून अख्ख्या वर्गाला कळलं. सिन्नरची एक बाई म्हणाली, आमच्याकडे दुधाचंही तसंच. लाइट पाऊण तासाने आली. कॅसेट पुन्हा लावा म्हणून विद्यार्थीच मागे लागले, आणि या वेळी एकही जण पेंगला नाही. आता त्यांना कॅसेटमधल्या माणसाला काहीतरी विचारायचं होतं.

म्हणून टीव्हीवरून शिकता येतं का, याला माझं उत्तर आहे: येतं, पण पडदा बंद झाल्यावर जे बोलणं आणि लिहिणं होतं, त्यातून. महाराष्ट्राला हे फार आधीपासून ठाऊक आहे. १९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने मराठी मुलखातल्या दीडशे गावांत एक प्रयोग केला. गावोगाव पंधरा-वीस शेतकऱ्यांची मंडळं केली. आठवड्यातून दोनदा मंडळ जमायचं, अर्धा तास रेडिओ ऐकायचं आणि रेडिओ बंद करून त्यावर बोलायचं. आपल्या गावात हे जमेल का, कुणी करून पाहिलंय का, अडचण काय येते. मंडळांचे प्रश्न केंद्राकडे जायचे आणि पुढच्या कार्यक्रमात त्यांना उत्तरं मिळायची. असे दहा आठवड्यांत वीस कार्यक्रम झाले. टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूराथ यांनी त्याची पाहणी केली. रेडिओ होता पण मंडळ नव्हतं अशी गावंही त्यांनी मुद्दाम तपासली. माहितीतली खरी वाढ दिसली ती मंडळं असलेल्या गावांत. नुसता रेडिओ असलेली गावं खूप मागे राहिली.

पुढे टीव्ही आला तेव्हाही हेच दिसलं. १९७५-७६ मध्ये उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत शैक्षणिक कार्यक्रम दाखवले गेले. त्यात मला सगळ्यांत मोलाचं वाटतं ते प्राथमिक शिक्षकांचं विज्ञान प्रशिक्षण. टीव्हीवर पाठ, जोडीला रेडिओ, हातात छापील पुस्तिका, समोर प्रयोगाचं साहित्य आणि प्रत्येक केंद्रावर चर्चा घडवून आणायला एक माणूस. हजारो शिक्षक एकाच वेळी असे शिकले.

तुमच्या मिस्टरांना सांगा, टीव्हीच्या आधाराने पदवीधर झालेली माणसं खूप आहेत. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाचे पाठ जानेवारी १९७१ पासून बीबीसीवर लागायचे. नोकरदार माणसं पहाटे उठून ते पाहायची. पण त्यांच्या अभ्यासाचा मोठा भाग टपालाने येणारी पुस्तकं, तपासून परत मिळणारे गृहपाठ आणि उन्हाळ्यातली शिबिरं हाच होता. टीव्हीचा वाटा लहान होता. २००६ मध्ये बीबीसीवरचे ते अभ्यासक्रमाचे पाठ बंद झाले, विद्यापीठ आजही चालू आहे. म्हणजे मिस्टरांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. नुसता टीव्ही पाहून कुणी पदवीधर होत नाही. नाशिकजवळच्या गोवर्धनच्या आपल्या मुक्त विद्यापीठाची १९८९ पासूनची घडणही अशीच आहे. पुस्तक, दृक्‌श्राव्य पाठ, गृहपाठ आणि संपर्कसत्र, म्हणजे अभ्यासकेंद्रावरचा प्रत्यक्ष वर्ग. यातला एकच धागा धरून तुम्ही चालला आहात, म्हणून अडलात.

आता तुमच्या स्वयंपाकघराकडे येते. डबे करताना लावलेलं लेक्चर अभ्यासात धरू नका. मन खट्टू करून घेऊ नका, त्या वेळी खुशाल गाणी लावा. अभ्यासाला दिवसातला पाऊण तास हवा, पण तो बसून. टीव्हीचा एक गुण मला मोबाइलपेक्षा मोठा वाटतो: त्याची वेळ ठरलेली असते. "साडेतीनला माझं लेक्चर आहे" हे घरातले ऐकतात. "मी मोबाइलवर अभ्यास करतेय" हे कुणी मानत नाही. स्वयंप्रभा या सरकारी शैक्षणिक चॅनलांवर रोज निदान चार तासांचा नवा पाठ असतो आणि तोच दिवसभरात आणखी पाच वेळा दाखवतात. सकाळचा चुकला तर दुपारी सापडतो. वेळापत्रक पाहून तुमची वेळ ठरवा आणि ती फ्रिजवर चिकटवा.

मोबाइलचा गुण दुसरा: तो थांबवता येतो. तो थांबवायलाच हवा. पण त्याआधी पुस्तक उघडा. घटकाच्या शेवटी जे प्रश्न दिलेले असतात ते आधी वाचा, उत्तरं येत नसली तरी. मग लेक्चर लावा. वीस मिनिटांच्या वर एका बैठकीत नको. पाच-सात मिनिटांनी थांबवा, पडदा उलटा ठेवा आणि आत्ता काय सांगितलं ते न बघता वहीत दोन ओळींत लिहा. आठवत नसेल तर मागे जाऊन पुन्हा ऐका. लेक्चर चालू असताना मात्र भराभरा उतरवून घेऊ नका. त्यात हात चालतो, डोकं बाजूला राहतं.

तुम्ही लिहिलं नाही, पण माझा अंदाज आहे की टीव्हीवरची लेक्चरं हिंदीत असणार. तिथे एक खड्डा आहे. हिंदीतले सर "७३वाँ संविधान संशोधन" म्हणतात. आपल्याकडे संशोधन म्हणजे रिसर्च. मराठी उत्तरात "७३वे संशोधन" लिहिलंत तर तपासणारे गोंधळतील. आपला शब्द घटनादुरुस्ती. असे शब्द भेटले की वहीच्या शेवटच्या पानावर पुस्तकातला मराठी शब्द शोधून लिहून ठेवा. पंधरा दिवसांत ते पान भरेल. पेन चार ओळींपुढे न सरकण्याचं निम्मं कारण हेही असू शकतं: विचार हिंदीत ऐकलाय आणि शब्द मराठीत हवेत.

दुसरा खड्डा आकड्यांचा. एका लेक्चरमध्ये ऐकाल की पंचायतीत महिलांना एक तृतीयांश जागा राखीव, दुसऱ्यात ऐकाल निम्म्या. दोन्ही बरोबर आहे. पंचायतींसाठीची हीच ७३वी घटनादुरुस्ती, २४ एप्रिल १९९३ पासून लागू झालेली, "किमान एक तृतीयांश" म्हणते. महाराष्ट्राने २०११ मध्ये ते निम्म्यावर नेलं. सरसकट देशासाठी केलेला व्हिडिओ हे सांगेलच असं नाही. म्हणून पुस्तक शेजारी हवं, आणि जिथे पुस्तक आणि व्हिडिओ जुळत नाहीत तिथे खूण करून संपर्कसत्रात समंत्रकांना विचारायला हवं. संपर्कसत्र चुकवू नका. घरापासून लांब पडतं, रविवारी पाहुणे येतात, सगळं मान्य. पण आपल्यासारखेच अडलेले चार जण जिथे भेटतात अशी ती एकच जागा आहे.

मुलाशी वाद घालू नका, त्याला काम द्या. घटकाप्रमाणे लेक्चरं शोधून क्रमाने लावून देणं, घरच्या वायफायवर उतरवून देणं, ही कामं तो आनंदाने करेल. कुठलं लेक्चर चांगलं आणि कोण नुसतं गाइड वाचून दाखवतंय, हे मात्र तुम्ही ठरवा. पुस्तकातला प्रश्न समोर ठेवून पाहिलंत की पाच मिनिटांत कळतं.

आणि आता सासूबाई. पत्र वाचताना मला सगळ्यांत आनंद त्यांच्यामुळे झाला. तुम्ही एकट्या अभ्यास करताय असं तुम्हाला वाटतंय, पण १९५६ च्या त्या गावांसारखं मंडळ तुमच्या घरात बसलेलंच आहे, दोघींचं. लेक्चर संपलं की टीव्ही बंद करा आणि त्यांना सांगा: आत्ता त्यांनी काय सांगितलं. त्यांना कळेल अशा शब्दांत. "सत्तेचे विकेंद्रीकरण" म्हणून भागणार नाही. त्या विचारतील, म्हणजे काय गं? मग तुम्ही म्हणाल, गावच्या पाण्याचा, रस्त्याचा, शाळेचा निर्णय मुंबईत न होता गावातच व्हावा म्हणून. हे वाक्य तुमचं असेल, सरांचं नाही. तेच गृहपाठात लिहायचं असतं, थोडं नेटकं करून.

त्या उलटही विचारतील. त्यांनी खेड्यात दिवस काढले असतील तर नक्की विचारतील: ग्रामसभेला बायका कधी जायच्या? तिथे तुम्हाला पुस्तकात परत जावं लागेल. मग सापडेल की आपल्या राज्यात वर्षाला निदान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि त्याआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. ही वेगळी सभा कशासाठी ठेवली असेल, यावर दोघी दहा मिनिटं बोललात तर परीक्षेतल्या "महिलांचा सहभाग" या प्रश्नाचं उत्तर तुमच्या तोंडात बसेल. बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. कणीक मळताना ते ऐका. आधी नीट शिकलेलं उजळायला स्वयंपाकघर फार चांगली जागा आहे.

त्यांच्या वाचण्याचं म्हणाल तर टीव्हीच्या भरवशावर सोडू नका, पण टीव्ही हाताशी घ्या. अंक त्यांना बहुतेक रिमोटवरून ओळखता येत असतील, म्हणजे सुरुवात झालेलीच आहे. अक्षरं ग म भ न पासून घ्या आणि त्याच दिवशी त्यांचं नाव लिहून द्या. चार-सहा अक्षरं बसली की बाहेर पडाल तेव्हा बसची पाटी वाचायला लावा. "निमाणी" या आपल्या बसस्थानकाचं नाव फार सोयीचं आहे, न आणि म त्यांना तोवर आलेले असतील. अक्षरं बरीच ओळखीची झाली की मग गाणी. अहमदाबादच्या आयआयएममधले ब्रिज कोठारी यांनी १९९६ साली सुचवलं होतं की टीव्हीवरच्या गाण्यांखाली त्याच भाषेत शब्द द्यावेत. गाणं पाठ असतं, त्यामुळे कानावर पडतं तो शब्द डोळे खाली शोधतात. अडखळत वाचणाऱ्यांचं वाचन अशाने सुधारतं, हे नंतरच्या पाहण्यांत दिसलं. अगदी कोऱ्या पाटीला याचा उपयोग कमी, म्हणून अक्षरं आधी. त्यांना पाठ असलेला एखादा अभंग खाली शब्द येतील असा मुलाला शोधायला सांगा आणि एकाच अभंगावर आठवडाभर थांबा.

जवळच्या महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांचं नावही नोंदवा. उल्लास नवभारत साक्षरता कार्यक्रम पंधरा वर्षांवरच्या सगळ्यांसाठी आहे, २०२२ ते २०२७ असा त्याचा काळ आहे, आणि शिकवणारे स्वयंसेवक असतात. तुम्हीच त्यांच्या स्वयंसेवक होऊ शकता. शेवटी वाचन, लेखन आणि संख्याज्ञानाची १५० गुणांची चाचणी असते. ६८ व्या वर्षी चाचणी कशाला, असं घरात कुणी म्हणालं तर सासूबाईंनाच उत्तर देऊ द्या.

गृहपाठ द्यायची तारीख तुम्ही लिहिली नाही, पण आठवडा हाताशी असेल तर पुरेसा आहे. आज नवं लेक्चर लावू नका. पाहिलेल्या तीनपैकी एकच घ्या, पहिली वीस मिनिटं पुन्हा पाहा आणि टीव्ही बंद करून सासूबाईंना सांगायला बसा. त्या जो पहिला प्रश्न विचारतील तो तारीख घालून वहीत लिहा, आणि गृहपाठाच्या उत्तराची पाचवी ओळ तिथून सुरू करा.